रंग गेला, पण गेला कुठे? सांगलीत बसून फोटोकॅटॅलिसिसचा पहिला प्रयोग

सांगलीत वाढलेल्या माणसाला उजेडाचं रसायनशास्त्र थोडंफार घरातच समजलेलं असतं. पांढऱ्या शर्टावर हळदीचा डाग पडला की आई साबण लावते, डाग लालभडक होतो, पोरगं घाबरतं, आणि शर्ट गच्चीवर उन्हात पडतो. संध्याकाळपर्यंत डाग फिका. लाल होणं हा साबणातल्या अल्कलीचा खेळ, फिकं होणं हे उन्हाचं काम: हळदीतला करक्युमिन उजेडात तुटतो. यात कुठलीच नॅनो पावडर नव्हती, एवढं डोक्यात ठेवा. तुमचा प्रोजेक्ट पुढे याच मुद्द्यावर तरतो किंवा बुडतो.

हा लेख एम.एस्सी.च्या किंवा इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला ‘डाय डिग्रेडेशन’, म्हणजे उजेडावर काम करणाऱ्या पावडरीने (फोटोकॅटॅलिसिसने) पाण्यातला रंग तोडणं, हा विषय पदरात पडलेल्यांसाठी आहे. विषय आपल्याकडे परका नाही. विट्याला यंत्रमाग आहेत, जिल्ह्याची हद्द ओलांडली की इचलकरंजीची प्रोसेस हाउसेस, म्हणजे कापड रंगवणारे कारखाने. सुती कापड रिअ‍ॅक्टिव्ह रंगांनी (धाग्याशी रासायनिक बंध जोडणाऱ्या) रंगवताना सगळा रंग धाग्याला धरत नाही. दहा टक्क्यांपासून कधी कधी निम्म्यापर्यंत पाण्याबरोबर निघून जातो. तो मुळातच ऊन, साबण आणि घाम यांना दाद न देण्यासाठी बनवलेला असतो, त्यामुळे सांडपाण्यातले जिवाणूही त्याला सहजी तोडू शकत नाहीत. चांगल्या रंगाचा गुण तोच सांडपाण्यातला अवगुण.

थोडकी थिअरी

टायटॅनियम डायऑक्साइडसारख्या अर्धवाहकावर पुरेशा ऊर्जेचा प्रकाश पडला की त्यातला इलेक्ट्रॉन वरच्या पट्ट्यात उडी मारतो आणि मागे एक रिकामी जागा राहते, तिला होल म्हणतात. इलेक्ट्रॉन पाण्यात विरघळलेल्या ऑक्सिजनला जाऊन मिळतो आणि सुपरऑक्साइड बनतो. होल पाण्यापासून हायड्रॉक्सिल रॅडिकल बनवतो. हा रॅडिकल समोर येईल त्या सेंद्रिय रेणूचा लचका तोडतो. बहुतेक इलेक्ट्रॉन आणि होल मात्र काही करायच्या आतच पुन्हा एकमेकांना भेटून संपतात. संशोधनातली निम्मी धडपड ही भेट लांबवण्यासाठी चाललेली असते. १९७२ साली जपानच्या फुजिशिमा आणि होंडा यांनी टायटॅनियम डायऑक्साइडच्या इलेक्ट्रोडवर उजेड पाडून पाण्याचं विघटन दाखवलं, तिथून या विषयाला वेग आला.

एक सूत्र पाठ करा: १२४० ला इलेक्ट्रॉन व्होल्टमधल्या बँड गॅपने (इलेक्ट्रॉनच्या त्या उडीला लागणारी किमान ऊर्जा) भागलं की नॅनोमीटरमध्ये तरंगलांबी येते. अ‍ॅनाटेज या स्फटिकरूपातल्या टायटॅनियम डायऑक्साइडचा बँड गॅप ३.२, म्हणजे साधारण ३८७ नॅनोमीटर. याच्यापेक्षा आखूड तरंगलांबीचाच प्रकाश चालतो, म्हणजे अल्ट्राव्हायोलेट. उन्हात त्याचा वाटा जेमतेम चार-पाच टक्के. घरातल्या पांढऱ्या एलईडी बल्बमध्ये तो जवळजवळ नसतोच. बल्बखाली बीकर ठेवून ‘टायटॅनियम चालत नाही’ म्हणणारी मुलं दरवर्षी भेटतात.

पावडर कुठली घ्यायची

पहिल्या महिन्यात स्वतः काहीही बनवू नका. बाजारात ‘पी २५’ नावाने ओळखलं जाणारं टायटॅनियम डायऑक्साइड मिळतं. त्यात अ‍ॅनाटेज आणि रुटाइल (दुसरं स्फटिकरूप) साधारण ८०:२० असतं आणि कण वीस-एकवीस नॅनोमीटरचे. जगभर तुलनेसाठी हेच वापरतात. ते विकत घ्या, त्याच्यावर हात बसवा. आपल्या प्रयोगाचा सांगाडा नीट आहे की नाही ते आधी कळतं, मग नव्या पावडरीचे लाड करता येतात.

रंगाच्या दुकानातलं स्वस्त टायटॅनियम आणायचा मोह होईल. आणू नका. भिंतीच्या रंगातलं टायटॅनियम बहुधा रुटाइल असतं आणि त्याच्या कणांवर सिलिका किंवा अ‍ॅल्युमिनाचा थर चढवलेला असतो. का? तर उन्हात त्याने आजूबाजूचा रंगच खाऊन भिंतीला खडू सुटू नये म्हणून. आपल्याला जे हवंय तेच कंपनीने मुद्दाम बंद केलेलं असतं.

दुसऱ्या महिन्यात झिंक ऑक्साइड बनवा, ते सोपं आहे. झिंक अ‍ॅसिटेट डायहायड्रेट २.२ ग्रॅम १०० मिली पाण्यात, सोडियम हायड्रॉक्साइड ०.८ ग्रॅम दुसऱ्या १०० मिलीत. दुसरं पहिल्यात थेंबथेंब सोडत दोन तास ढवळा, पांढरा साका गाळून पाण्याने आणि शेवटी अल्कोहोलने धुवा, ८० अंशांवर वाळवा, ४०० अंशांवर दोन तास भाजा. पाऊण ग्रॅमच्या आसपास पावडर हाती आली तर हात चांगला बसलाय. याचा दोष एकच, पण मोठा: आम्लात आणि तीव्र अल्कलीत दोन्हीकडे विरघळतं, उजेडातही थोडं थोडं झिजतं, आणि पाण्यात जस्त सोडतं.

साध्या उजेडावर चालणारं काही हवं असेल तर ग्राफिटिक कार्बन नायट्राइड. झाकण लावलेल्या क्रुसिबलमध्ये युरिया किंवा मेलामाइन मफल फर्नेसला ५५० अंशांवर दोन-तीन तास. पिवळी पावडर मिळते, बँड गॅप २.७, म्हणजे निळ्या उजेडापर्यंत पोच. अमोनिया सुटतो, एक्झॉस्ट चालू ठेवा. शेतातल्या पोत्यातला युरिया मात्र उचलू नका. तो नीमकोटेड असतो, आणि अनुदानाचं खत प्रयोगशाळेत वापरणं हेही बरं नव्हे. लॅब ग्रेडची अर्ध्या किलोची बाटली वर्षभर पुरते.

एक्सआरडीचा (क्ष-किरण विवर्तनाचा) आलेख आला की शेरर सूत्राने कणाचा आकार काढायचा असतो, त्यातली ठरलेली चूक सांगतो. झिंक ऑक्साइडचा ३६.२५ अंशांवरचा पीक (आलेखातलं शिखर) ०.४ अंश रुंद आहे, असं धरा. ही रुंदी रेडियनमध्ये घेतली (०.००७०) तर आकार सुमारे २१ नॅनोमीटर येतो. अंशांतच ठेवली तर ०.३६ नॅनोमीटर. म्हणजे झिंक ऑक्साइडच्या एका युनिट सेलच्या उंचीपेक्षाही लहान स्फटिक! तोंडी परीक्षेत यावर हशा झालेला मी पाहिलाय.

रंग कुठला

मेथिलीन ब्लूने सुरुवात करा, सगळेच करतात. ६६४ नॅनोमीटरला त्याचा पीक असतो, म्हणजे स्पेक्ट्रोफोटोमीटरवर त्या तरंगलांबीचा उजेड तो सर्वांत जास्त शोषतो. पण त्याच्या खोड्या ओळखून असा. तो काचेला चिकटतो, प्लॅस्टिकला चिकटतो, फिल्टर पेपरला तर गोचिडासारखा. उजेड स्वतः शोषून इलेक्ट्रॉन पावडरीला देतो, त्यामुळे यूव्ही नसतानाही थोडा फिका पडतो आणि ‘माझी पावडर व्हिजिबल लाइटमध्ये चालते’ असा भास होतो. ऑक्सिजन कमी पडला तर न तुटता नुसताच बिनरंगी रूपात जातो. हवा लागली की परत निळा.

मेथिल ऑरेंज घेणाऱ्यांनी लक्षात ठेवावं की तो इंडिकेटर आहे. पीएच ३.१ च्या खाली लाल, ४.४ च्या वर पिवळा. आम्ल घातलं आणि पिवळा रंग ‘गेला’, तर तो लाल झालाय. काँगो रेड टाळा, तो बेंझिडीनपासून बनतो आणि बेंझिडीन कॅन्सरकारक आहे. खऱ्या रंगखात्याच्या जवळ जायचं असेल तर पुढे रिअ‍ॅक्टिव्ह ब्लॅक ५ घ्या, पीक ५९७ च्या आसपास.

द्रावणाचं प्रमाण: १०० मिलिग्रॅम रंग एक लिटर डिस्टिल्ड पाण्यात, हा तुमचा साठा. त्यातले १० मिली घेऊन २०० मिली करा, म्हणजे ५ पीपीएम (लिटरला ५ मिलिग्रॅम). बऱ्याच पेपरांत १० पीपीएम वाचाल, पण त्याला अ‍ॅब्सॉर्बन्स दोनच्या वर जातो आणि तिथे यंत्राच्या सरळ रेषेवर भरवसा ठेवता येत नाही. ५ ला तो एकच्या आसपास राहतो. प्रयोगाआधी १, २, ३, ४, ५ पीपीएमची कॅलिब्रेशन रेषा काढा. कंटाळवाणं काम आहे, करा.

चार बीकर

माझ्या पहिल्या प्रोजेक्टमध्ये मी बेंटोनाइट मातीवर टायटॅनियम डायऑक्साइड चढवलं होतं. उन्हात ठेवल्यावर तासाभरात मेथिलीन ब्लू पाण्यासारखा स्वच्छ. मी वही घेऊन धावत गेलो, ‘सर, ९६ टक्के!’ सर उठले, सेंट्रिफ्यूजमधून काढलेली नळी खिडकीसमोर धरली. ‘पाणी कशाला बघतोस? तळाला बघ.’ तळाशी बसलेली पांढुरकी पावडर दौतीत बुडवून काढल्यासारखी गर्द निळी होती. रंग तुटला नव्हता, मातीच्या थरांत जाऊन बसला होता. अंधारात ठेवला असता तरी तेवढाच गेला असता, फक्त अंधारात ठेवायचं मला सुचलं नव्हतं. तीन आठवड्यांची रीडिंग्ज गेली.

म्हणून एका वेळी चार बीकर लावायचे. पहिल्यात रंग, पावडर आणि उजेड. दुसऱ्यात रंग आणि उजेड, पावडर नाही: हा तुमचा हळदीचा शर्ट, नुसत्या उन्हाने किती जातं ते हा सांगतो. तिसऱ्यात रंग आणि पावडर, पण अंधार: पावडरीने किती गिळलं ते इथे कळतं. चौथ्यात नुसता रंग अंधारात, काचेला किती चिकटलं आणि काही आपोआप बदललं का ते पाहायला. चौथा बहुतेक वेळा काहीच सांगत नाही, पण ज्या दिवशी सांगतो त्या दिवशी वाचवतो.

प्रत्येक बीकरमध्ये २०० मिली द्रावण. पावडर १०० मिलिग्रॅम, म्हणजे लिटरला अर्धा ग्रॅम. जास्त घातली तर जास्त काम होईल असं वाटतं, पण एका मर्यादेनंतर पाणी दुधासारखं होतं आणि उजेड आतपर्यंत पोचतच नाही. पावडर घातल्यावर उजेडाच्या आधी सगळे बीकर अ‍ॅल्युमिनियम फॉइल गुंडाळून अर्धा तास अंधारात ढवळा. या वेळात पावडरीला जेवढा रंग चिकटायचा तेवढा चिकटतो. अर्धा तास ही काही पोथीतली ओळ नाही. दर दहा मिनिटांनी नमुना घ्या, सलग दोन वाचनं सारखी आली की चिकटणं थांबलं. माझ्या त्या मातीला दोन तास लागले असते.

पीएच मोजून लिहून ठेवा. टायटॅनियम डायऑक्साइडचा पृष्ठभाग साधारण साडेसहाच्या वर ऋणभारित आणि खाली धनभारित होतो. मेथिलीन ब्लू धनभारित असल्यामुळे अल्कलीत जास्त चिकटतो, मेथिल ऑरेंज आम्लात. ‘पीएच वाढवला, कार्यक्षमता वाढली’ असं लिहिण्याआधी तिसरा बीकर बघा.

उजेड

ऊन फुकट आहे, पण त्याचा नेम नाही. सांगलीत फेब्रुवारी ते मे आकाश बऱ्यापैकी स्वच्छ असतं. सकाळी अकरा ते दुपारी दोन हीच वेळ रोज धरा, आणि चारही बीकर एकाच वेळी, एकाच गच्चीवर. पहिला सोमवारी आणि दुसरा ढगाळ बुधवारी असं केलं तर तुलनेला अर्थ राहत नाही. जून लागला की दिव्याकडे वळा. ३६५ नॅनोमीटरची यूव्ही एलईडी किंवा ब्लॅक लाइटची नळी टायटॅनियमला पुरते. पाणी शुद्ध करायच्या यंत्रातली २५४ ची नळी उघड्यावर लावू नका, डोळे आणि कातडी दोन्ही भाजतात.

एप्रिलच्या उन्हात उघड्या बीकरमधलं पाणी डोळ्यांदेखत उडतं. पाणी उडालं की उरलेला रंग दाट होतो आणि खरी घट कमी दिसते. बीकरवर मार्करने पातळीची रेघ मारा, नमुना घेण्याआधी डिस्टिल्ड पाण्याने रेघेपर्यंत भरा, नमुना घेतल्यावर नवी रेघ. एवढी साधी गोष्ट मी कुठल्या पेपरात वाचलेली नाही, गच्चीवर शिकलो. शिवाय बीकर पाण्याच्या परातीत ठेवा, नाहीतर दुपारी द्रावण इतकं तापतं की उजेडाचा परिणाम कुठला आणि उष्णतेचा कुठला ते वेगळं करता येत नाही.

नमुना आणि गणित

दर पंधरा मिनिटांनी ३ मिली. लगेच सेंट्रिफ्यूज करा, नळ्या समोरासमोर सारख्या वजनाच्या लावून. नॅनो पावडर लवकर बसत नाही. वरचं पाणी जरासुद्धा गढूळ असेल तर यंत्र गढूळपणालाच रंग समजतं. खात्रीसाठी ८०० नॅनोमीटरला वाचन घ्या. तिथे मेथिलीन ब्लू फारसा शोषत नाही, म्हणून काही आकडा दिसला तर पावडर अजून तरंगतेय.

समजा अंधारानंतरचं वाचन १.०० होतं आणि उजेडात तासाभराने ०.३५ झालं. नैसर्गिक लॉग घ्या, १ भागिले ०.३५ चा: १.०५. त्याला ६० ने भागलं की ०.०१७५ प्रतिमिनिट, हा तुमचा वेगस्थिरांक. निम्मा रंग जायला सुमारे ४० मिनिटं. सुरुवातीची संहती म्हणून अंधारानंतरचाच आकडा घ्यायचा, आधीचा घेतलात तर चिकटलेला रंगही तुटलेल्यात मोजला जातो. सगळ्या वेळांचे बिंदू आलेखावर मांडून रेषा सरळ येते का बघा, दोनच बिंदूंवरून काढलेली रेषा नेहमीच सरळ असते. दुसऱ्या बीकरचा स्थिरांकही त्याच पानावर, त्याच अक्षरांत लिहा. तीन वेळा करा.

फक्त ६६४ वर वाचू नका, पूर्ण स्पेक्ट्रम घ्या. मेथिलीन ब्लूचे मिथिल गट एकेक गळत गेले की पीक हळूहळू डावीकडे, आखूड तरंगलांबीकडे सरकतो. ऱ्होडामाइन बी तर ५५४ वरून ४९८ च्या दिशेने चालत जातो आणि गुलाबी द्रावण हिरवट-पिवळं दिसायला लागतं. मूळ जागेवर आकडा पडला, पण रेणूचा गाभा शाबूतच.

रंग गेल्यानंतर

रंग दिसणं हे रेणूतल्या एका साखळीवर अवलंबून असतं. ती तुटली की डोळ्याला पाणी स्वच्छ, पण तुकडे पाण्यातच असतात. अ‍ॅझो रंगांचे (दोन नायट्रोजनच्या जोडीने बांधलेल्या रंगांचे) काही तुकडे मूळ रंगापेक्षा वाईट निघू शकतात. कार्बन डायऑक्साइडपर्यंत सगळं गेलं का, हे टीओसी (पाण्यातला एकूण सेंद्रिय कार्बन) किंवा सीओडी (पाण्यातले पदार्थ रसायनाने जाळायला लागणारा ऑक्सिजन) सांगतं. इथे एक अडचण येते. ५ पीपीएम मेथिलीन ब्लूचा सीओडी हिशोबाने लिटरला १० मिलिग्रॅमच्या आसपास भरतो, आणि डायक्रोमेटच्या नेहमीच्या पद्धतीला एवढा लहान आकडा झेपत नाही. सीओडीसाठी निराळा, ५० पीपीएमचा प्रयोग लावा, वेळ बराच जास्त द्या. वेग वाढवायला हायड्रोजन पेरॉक्साइड घातलं असेल तर उरलेलं पेरॉक्साइड सीओडी फुगवून दाखवतं, ते आधी काढा.

टीओसीचं यंत्र नसेल तर मूग आहेत. तीन काचेच्या बश्यांत फिल्टर पेपर, प्रत्येकीत दहा दाणे. एकीत डिस्टिल्ड पाणी, एकीत मूळ रंगाचं पाणी, एकीत प्रक्रिया झालेलं. पाच-पाच मिली घालून झाका. तिसऱ्या दिवशी किती दाण्यांना मोड आले ते मोजा आणि मुळाची लांबी दोऱ्याने मापा. झिंक ऑक्साइडने ‘स्वच्छ’ केलेल्या बिनरंगी पाण्यात मुळं आखडलेली दिसली तर विरघळलेल्या जस्ताचा संशय घ्या. ही चाचणी स्वस्त आहे आणि आकडे सांभाळून लिहिलेत तर प्रोजेक्टमध्ये शोभते.

खरं सांडपाणी

डिस्टिल्ड पाण्यातलं यश गच्चीपुरतं असतं. रिअ‍ॅक्टिव्ह रंगाच्या टाकीत लिटरला ३० ते ८० ग्रॅम मीठ पडलेलं असतं, वर सोडा अ‍ॅश. क्लोराइड आणि कार्बोनेट दोघेही हायड्रॉक्सिल रॅडिकलला रंगापर्यंत पोचायच्या आत अडवतात. पीएच दहा-अकरा. रंग एवढा गडद की यूव्ही वरच्या काही मिलिमीटरमध्येच संपतं. अशा पाण्यात थेट पावडर ओतणं म्हणजे पैसे ओतणं. आधी तुरटी किंवा चुन्याने साका पाडणं, मग जिवाणूंची टाकी, आणि त्यातूनही उरलेल्या हट्टी रंगासाठी शेवटी फोटोकॅटॅलिसिस, अशी त्याची जागा आहे. नदीत सोडायच्या पाण्यासाठी सीओडी लिटरला २५० मिलिग्रॅम आणि बीओडी (तेच काम करायला जिवाणूंना लागणारा ऑक्सिजन) ३० ही मर्यादा असते, आपले आकडे तिच्याशी ताडून बघा.

कारखान्याचं पाणी मिळेपर्यंत एक मधली पायरी आहे. तोच प्रयोग नळाच्या पाण्यात करा, मग कृष्णाकाठच्या क्षारपड भागातल्या बोअरच्या पाण्यात. वेगस्थिरांक प्रत्येक वेळी खाली येईल. तो किती खाली आला, हा माझ्या मते तुमच्या प्रबंधातला सर्वांत कामाचा आलेख. नुसतं ९८ टक्के लिहिलेले प्रबंध ग्रंथालयाच्या कपाटात पुष्कळ आहेत.

पावडर हाताळताना एन-९५ मास्क लावा आणि पंखा बंद ठेवा. वजनकाट्यावर सांडली तर फुंकर मारू नका, ओल्या टिश्यूने टिपा. प्रयोग संपल्यावर बीकर बेसिनमध्ये उपडा करायचा नाही. वापरलेली पावडर सेंट्रिफ्यूजने खाली बसवून धुवा, वाळवा, आणि पुन्हा पाच वेळा वापरून दर खेपेला स्थिरांक किती घसरतो ते लिहा. प्रत्येक खेपेला वजनही करा, कारण धुताना पावडर जाते आणि तो तोटा उत्प्रेरक थकल्यासारखा दिसतो. शेवटी उरलेली पावडर नाव आणि तारखेची चिठ्ठी लावून झाकणाच्या बाटलीत घाला आणि लॅबच्या घातक कचऱ्यात द्या. बाटली बंद करण्याआधी पावडरीचा रंग एकदा उजेडात धरून बघा.